काळवंडलेला रुपया घासायच्या आधी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक प्रयोग केला. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं.

आजीच्या देवघरात एका पत्र्याच्या डब्यात कागदाच्या पुडीत तीन बंदे रुपये असायचे. तिन्ही पंचम जॉर्जचे, तिन्ही 1918 सालचे. लक्ष्मीपूजनाला बाहेर निघायचे, हळद-कुंकू लागायचं, पुन्हा पुडीत जायचे. काळे पडले होते. मी नुकतंच इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकले होते. एका भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल पसरली, खायचा सोडा आणि गरम पाणी घातलं, त्यात दोन रुपये ठेवले. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि पाच मिनिटांत दोन्ही पांढरे झाले. तिसरा तेव्हा चौरंगावर पूजेत होता, म्हणून वाचला.

आजीला नेऊन दाखवले. तिने दोन्ही उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "अगं, यातला माझ्या आईचा कुठला?"

एका रुपयाला चंद्रकोरीसारखी निळी कड होती. तो तिच्या आईने दिलेला, बाकीचे दोन सासरचे. साल एक, छाप एक, झीजही जवळपास सारखी. ओळख फक्त त्या कडेची होती आणि ती मी पाण्यात सोडून दिली होती.

त्यानंतर मी जुन्या चांदीच्या नाण्यांवरचे रंग पाहायला लागले. संग्राहक याला 'टोनिंग' म्हणतात. असा संग्रह सुरू कसा करायचा हे आज सांगते. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा छंद म्हणजे सॅम्पल कसं हाताळायचं याची फार चांगली तालीम आहे.

रंग येतो कुठून?

चांदीला हवेतल्या ऑक्सिजनचा फारसा त्रास नाही, खरा त्रास गंधकाचा. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त संयुगं अगदी थोड्या प्रमाणात असतात. ओलावा मिळाला की ती चांदीशी जुळतात आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. हा थर जाड झाला की काळा दिसतो. पातळ असतो तेव्हा मात्र गंमत असते.

पावसाळ्यात पेट्रोल पंपाजवळच्या डबक्यावर तेलाचे रंग पाहिले असतील. इथे तेच भौतिकशास्त्र आहे. थोडा प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, थोडा थर ओलांडून खालच्या चांदीवरून परततो. दोघं भेटतात तेव्हा काही तरंगलांबी एकमेकांना मारतात आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. याला थिन फिल्म इंटरफिअरन्स म्हणतात.

थर वाढताना आधी कमी तरंगलांबीचा प्रकाश कटतो. म्हणून रंगांचा क्रम ठरलेला असतो. निळा प्रकाश कटला की नाणं फिकट सोनेरी दिसतं. थर वाढून हिरवा कटला की तांबूस-जांभळं दिसतं. लाल-पिवळा कटला की निळं दिसतं. पुढे रंगांची दुसरी फेरी येते आणि शेवटी सगळं करडं-काळं होतं. सोनेरी ते निळा हा सगळा प्रवास काही दशक नॅनोमीटरच्या जाडीत होतो. आपल्या केसाची जाडी पन्नास हजार नॅनोमीटरच्या वर असते, यावरून अंदाज करा.

म्हणजे रंग ही जाडी मोजायची फुटपट्टी झाली. पण ती वय मोजायची फुटपट्टी नव्हे, आणि नवे संग्राहक नेमके इथेच फसतात. गंधक असलेल्या स्वस्त पाकिटात दमट हवेत काही महिन्यांत जेवढा थर येईल, तेवढा कोरड्या बंद डब्यात पन्नास वर्षांतही येणार नाही. 'निळं झालंय म्हणजे खूप जुनं' असं कोणी म्हणालं तर विचारा, वाढीचा वेग तुम्हाला कसा कळला? प्रॉक्सी आणि प्रत्यक्ष मोजमाप यातला फरक इतक्या स्वस्तात दुसरीकडे शिकायला मिळत नाही.

आपल्याकडे रंगीत रुपये कमी का?

इंद्रधनुष्यासारखे रंग असलेल्या ज्या नाण्यांचे फोटो तुम्ही पाहता, त्यात अमेरिकेचे मॉर्गन डॉलर भरपूर असतात. ही नाणी 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये पाडली गेली. त्यातली असंख्य नाणी वापरात आलीच नाहीत. हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली, ती थेट 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर रंग चढले. काहींवर तर कापडाची वीणसुद्धा उमटलेली दिसते.

आपला रुपया मात्र फिरत राहिला. हातातून हातात गेला, जमिनीत पुरला गेला, सोनाराकडे वितळला, पुतळ्यांच्या माळेत ओवला गेला. घासलेल्या पृष्ठभागावर असे झळझळीत रंग धरत नाहीत, तिथे एकसारखा करडा रंग येतो. वर आपल्याकडे चांदी काळी ठेवणं अशुभ. दिवाळी आली की रिठे, चिंच, टूथपेस्ट, जे हाताला लागेल त्याने घासायची.

या दोन नाण्यांचं नातंही आहे. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची टंचाई झाली, तेव्हा 1918 च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने 27 कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतातल्या नाण्यांसाठी आली. आजीच्या रुपयात एखादा मॉर्गन डॉलर असेलही. सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी ते 'असेलही' वरच सोडते.

सुरुवात कशी करायची?

पहिली गोष्ट, प्रश्न छोटा ठेवा. 'जुनी चांदीची नाणी' हा विषय म्हणजे 'कॅन्सरवर संशोधन' म्हणण्यासारखं झालं. 1912 नंतरचे पंचम जॉर्जचे रुपये, एवढंच धरा. 1916 ते 1920 या काळातले रुपये प्रचंड संख्येने पाडले गेले, त्यामुळे सहज मिळतात, किंमत मुख्यतः चांदीच्या भावाभोवती राहते आणि शिकताना चुकलात तरी फार नुकसान होत नाही. दुर्मिळ सालांच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. 1939 च्या रुपयासारख्या महाग नाण्यांच्या नकलाही तितक्याच जोरात निघतात.

दुसरी गोष्ट, रंगाच्या आधी धातू तपासा. 1835 च्या कायद्याने ठरलेला रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. त्यात अकरा-द्वादशांश, म्हणजे 91.7 टक्के चांदी. बाकी तांबं धरलं तर घनता सुमारे 10.3 येते. आता 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून तळाला टेकू न देता पाण्यात पूर्ण बुडवा. वाढलेला आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाणं चांगलं असेल तर तो 1.13 च्या आसपास येईल. 1940 पासूनच्या निम्म्या चांदीच्या मिश्रधातूची घनता सुमारे 9.5, म्हणून तेवढ्याच वजनाला 1.22 येईल. जर्मन सिल्व्हरची घनता 9 च्याही खाली जाते. काट्याची चूक एक टक्क्याच्या आसपास आणि फरक आठ टक्क्यांचा, म्हणजे ही चाचणी या कामाला पुरते. नाणं झिजलं तर वजन उतरतं, घनता तीच राहते. पाणी डिस्टिल्ड वापरा, नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका.

तिसरी गोष्ट, घडामोडींचा क्रम वाचा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, एका दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करा आणि या गोष्टी बघा:

1. रंग क्रमाने बदलतात का? सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, अशी उतरण दिसली तर थर हळूहळू वाढल्याची शक्यता जास्त. सोनेरीला चिकटून एकदम निळा डाग असेल तर संशय घ्या.

2. ओरखडा रंगाच्या खाली आहे की वर? ओरखडा पांढरा चमकत असेल तर तो रंगानंतरचा. ओरखड्यातही रंग उतरला असेल तर आधीचा. रंगाखाली समांतर बारीक रेघा दिसल्या तर नाणं एकदा घासलं गेलं आणि मग पुन्हा रंगलं.

3. रंगाखाली चमक जिवंत आहे का? न वापरलेलं नाणं कलतं केलं की प्रकाशाचा पट्टा त्यावर फिरतो. ठशाखाली धातू पसरताना उठलेल्या सूक्ष्म रेषांमुळे हे होतं. नाणं ॲसिडच्या द्रावणात बुडवून 'साफ' केलं की काळपणाबरोबर त्या रेषाही झिजतात. त्या परत येत नाहीत.

4. कडेला डाग दिला आहे का? दागिन्याला लावलेलं नाके काढून घासलेल्या जागी खूण राहते.

चौथी गोष्ट, बनवलेला रंग एकदा स्वतः पाहा. नाण्यावर प्रयोग करू नका. सोनाराकडून चांदीची छोटी पट्टी घ्या किंवा तुटकं पैंजण वापरा. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून बंद डब्यात ठेवा, शेजारी चांदी ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी फोटो काढा. वर सांगितलेला क्रम डोळ्यांसमोर घडताना दिसेल. त्याचबरोबर हेही कळेल की खोटा रंग आणणं किती सोपं आहे. सल्फाइड तेच, भौतिकशास्त्र तेच. पीसीजीएस आणि एनजीसी यांसारख्या प्रमाणन संस्थासुद्धा इथे अनुभवाने मत देतात. म्हणून फक्त रंगासाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर नाणं कुठून आलं, कशात ठेवलं होतं, हे विचारा. उत्तर नसेल तर चांदीचाच भाव द्या.

ठेवायचं कशात?

पीव्हीसीचे मऊ पारदर्शक कप्पे टाळा, त्यातून कालांतराने हिरवट चिकट थर येतो. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र, साधी पाकिटं यांतून गंधक किंवा आम्ल मिळतं. मायलरचे कप्पे किंवा घट्ट बंद होणाऱ्या कॅप्सूल घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, मुंबई-कोकणात ती वेळेवर बदला. नाणं कडेला धरा. बोटाचा ठसाही पुढे रंग घेतो.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावस्तूविषयक कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी पीएच.डी.ला निघताना आठवण म्हणून आजीचा 1918 चा रुपया बॅगेत टाकाल तर अडचणीत याल. जमिनीत नाणी सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. विकत घेण्याआधी भरपूर बघा.

आणि ती वही

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे वही. प्रत्येक नाण्याला क्रमांक, दोन्ही बाजूंचे एकाच दिव्याखाली, सरळ आणि कलते फोटो, वजन, कुणाकडून कधी मिळालं, आधी कशात होतं, सोबत कोणती नाणी होती. नाण्यावर छापलेल्या सालावरही आंधळा विश्वास नको. 1862 साल असलेले राणीछाप रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते.

वाचलेला तिसरा रुपया आता माझ्याकडे कॅप्सूलमध्ये आहे. त्याच्यावरही एक कमान आहे, आत फिकट सोनेरी, बाहेर जांभळी. पुडीत दुसरा रुपया त्यावर अर्धवट टेकून राहिला असणार, झाकलेल्या भागाला गंधक कमी मिळालं. ही कमान आणि आईच्या रुपयाची निळी कड एकमेकींत बसत होत्या का, ते दोघे सगळी वर्षं एकमेकांवर टेकून होते का, हे दोन्ही शेजारी ठेवून एका मिनिटात कळलं असतं. आता कळणार नाही. वहीत त्या रकान्यात मी लिहिलंय, 'तुलनेचं सॅम्पल मी नष्ट केलं'. तारीखही घातली आहे.

लॅबमध्ये गेल्यावर तुम्हालाही कधीतरी वाटेल की हा डाग, हा गोंगाट, हा विचित्र बिंदू काढून टाकला की डेटा छान दिसेल. काढायचा असेल तर काढा, पण आधी फोटो, आधी नोंद, आणि मूळ प्रत वेगळी जपून ठेवा. दिवाळी येतेच आहे. घरी कुणी रिठे भिजत घातले असतील तर आधी मोबाइल काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, यातला कुठला कुणाचा.