विश्लेषण : ‘बीपी नॉर्मल’ असूनही जिवाला धोका? शरीरातील रक्त-पाणी घटते तेव्हा...

जुलाब-उलट्या, अपघात, बाळंतपणातील अतिरक्तस्राव. कारणे वेगळी, धोका एकच : रक्तवाहिन्यांतील द्रव घटणे. वैद्यकीय भाषेत ‘हायपोव्होलेमिया’. तो वेळीच ओळखणे का महत्त्वाचे?

नेमके काय होते?
प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. ते वाहून गेले किंवा जुलाबांतून पाणी आणि क्षार निघून गेले, की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. मग मेंदू, मूत्रपिंडे यांचा पुरवठा तुटू लागतो.

रक्तदाब का फसवतो?
शरीर आधी सांभाळून घेते. नाडी वाढते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे निरोगी प्रौढाचे सुमारे ३० टक्के, म्हणजे दीड लिटर रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहू शकतो. म्हणून जलद नाडी, गार-ओलसर हातपाय, उभे राहताच चक्कर, कमी लघवी, बेचैनी किंवा गुंगी ही लक्षणे दिसताच सावध व्हावे. लहान मुलांचे डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे हेही धोक्याचे.

उपचार काय?
रक्तस्रावात स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी, रुग्णाला आडवे ठेवावे, १०८ला फोन करावा. पाणी-चहा पाजू नये. शस्त्रक्रिया लागू शकते. फार रक्त गेले असेल तर रक्तच द्यावे लागते. सलाइनने तांबड्या पेशी भरून निघत नाहीत. जुलाबांत रुग्ण पिऊ शकत असेल तर ओआरएस, प्रकृती गंभीर असेल तर शिरेतून सलाइन. पाकीट नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालावे. प्रमाण चुकवू नये.

बनगावने काय शिकवले?
१९७१मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजला. आतड्यात ग्लुकोजसोबत सोडियम शोषले जाते आणि त्यामागून पाणी. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांखाली आला. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

रुग्णालय कधी गाठावे?
पाणी पोटात ठरत नसेल, लघवी थांबली असेल, गुंगी येत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर रक्तदाब उतरण्याची वाट पाहू नये.