आधी चहा, मग प्रश्न

पाडवा जवळ आला की तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. बातमी दरवर्षी सुपारीच्या आकड्यापाशी संपते. मला मात्र तिथे चाललेली मुलाखत दिसते. गावकारभारी येऊन बसतात. कलावंत किती, वग कोणता, विचारतात. फडाचा माणूसही विचारतो, यात्रा कोणत्या तिथीला, गाव किती लांब. दोघंही एकमेकांना जोखतात. पटलं की आगाऊ रक्कम आणि तारीख पक्की.

याच सुमारास जुन्नर-मंचरकडे शाळा, पतसंस्था, दवाखान्यांच्या भरतीला जोर चढतो. ‘मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.’ सरकारी छोट्या नोकऱ्यांतून मुलाखत हद्दपारच झाली. १५ ऑगस्ट २०१५ ला पंतप्रधानांनी सूतोवाच केलं आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ‘क’ व अराजपत्रित गट ‘ब’ पदांसाठी ती थांबली. दुखणं होतं वशिल्याचं. खासगीत मुलाखतही राहिली, दुखणंही.

तरुणपणी एका संस्थेत मीही गेलो होतो. दहाची वेळ, बोलावलं दोनला. टेबलामागे सातजण, चहा फक्त त्यांना. पहिला प्रश्न, ‘पाव्हणं कुठलं?’ म्हणजे आडनावावरून जात आणि गावावरून गट. बाईमाणूस असेल तर ‘लग्नाचं काय?’ हे ठरलेलंच. कामाबद्दल मला कुणी अवाक्षर विचारलं नाही.

अशा गप्पांतून माणूस कळतो, ही पंचमंडळींची ठाम समजूत. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन चाळलं. सैल गप्पांपेक्षा आखीव मुलाखतीवरून पुढच्या कामाचा अंदाज बरा बांधता येतो, असं त्यांना दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तर आखीव मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. आखीव म्हणजे काय, तर सगळ्यांना तेच प्रश्न, तेही कामातलेच, आणि उत्तराला लगेच गुण. पतसंस्थेच्या रोखपालाला विचारा, ‘संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले, दारात अजून दोन खातेदार उभे आहेत, काय कराल?’ शिक्षिकेच्या हातात खडू द्या. आणि आपापसांत बोलण्याआधी प्रत्येकानं गुण लिहून टाकावेत. नाहीतर अध्यक्षांनी भुवई उडवली की सहाजणांचं मत तयार होतं.

उमेदवाराला मोकळं वाटू देणं हे लाड नव्हेत. घाबरलेल्याची फक्त भीती मोजली जाते. डोंगरातल्या आहुप्याच्या मुलीला सकाळी दहाला मंचरात बोलावलंत, तर ती किती वाजता उठली असेल? एसटीचं वेळापत्रक बघून वेळ द्या, आणि ती पाळा. उसातला बिबट्या ही आपल्याकडे गंमत नाही. अंधार पडायच्या आत तिला घर गाठायचं असतं. ती आली की आधी पाणी, चहा. काम मराठीत चालणार असेल तर प्रश्नही मराठीतच असू द्या.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणून दोन मिनिटं गप्प बसा. राहुटीत आगाऊ रक्कम उघड मागतात. कचेरीत पगार विचारणाराच आगाऊ ठरतो. त्या दिवशी मीही विचारला नव्हता. किती ते पहिल्या महिन्याचं पाकीट उघडल्यावर कळलं.