छायाचित्रांतील कष्टकरी भगिनी

आपल्या बऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताज महल बाळंतपणात निवर्तली. तिच्या स्मरणार्थ आग्र्यास उभारलेला ताजमहाल सारे जग पाहून येते. परंतु येथील केळीच्या बागेत दिवसभर राबणारी भगिनी कोणाच्या दृष्टीस पडते?

पत्रकार पी. साईनाथ यांनी मात्र अशा स्त्रियांकडे मुद्दाम पाहिले. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून त्यांनी ग्रामीण श्रमजीवी स्त्रियांची छायाचित्रे टिपली. ‘काम दिसते, स्त्री दिसत नाही’ अशा अर्थाचे नाव त्या प्रदर्शनास आहे. लावणी, निंदणी, कोळसा, विटा; कितीतरी चित्रांत स्त्री वाकलेलीच. (आणि आपण ‘ती घरीच असते’ म्हणून मोकळे होतो!)

परंतु ही केवळ दैन्याची चित्रे नव्हेत. तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथील दगडखाणींतील स्त्रियाही त्यांत आहेत. १९९१ च्या सुमारास तेथील खाणी गरीब स्त्रियांच्या गटांकडे आल्या. कालच्या मजूर कारभारीण झाल्या. हितसंबंधियांस ते रुचले नाही. पुष्कळ खाणी पुन्हा कंत्राटदारांच्या हाती गेल्या, तरी काही स्त्रिया झगडत राहिल्या.

‘पारी’ या संकेतस्थळावर ही चित्रे पाहावयास मिळतात. पाहताना घरातील आई-आजींना शेजारी बसवावे. त्यांतील काम त्या आपणांहून लवकर ओळखतील.