व्यसनमुक्ती केंद्रात माणसाला मारलं, कोंडलं तर काय करायचं?



मागे एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या, तरी एक ताई जागची उठेना. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "मॅडम, गटातून वीस हजार उचलले ते नवऱ्याची दारू सोडवायला. तीन महिन्यांनी घरी आला तर पायाला साखळीचे वण, पाठीवर काठीचे. सही मीच केली होती. आता कुणाच्या तोंडाने तक्रार करू?"

तिला विचारून, नाव न घेता मी हा विषय पुढच्या बैठकीत काढला. एक काकू म्हणाल्या, "घरी बायकोला मारतच होता की! चार फटके बसले तर काय बिघडलं?" काकूंचा राग मला समजतो. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, तो जरूर वापरा. पण केंद्रात आपण माणूस उपचाराला पाठवतो, शिक्षेला नाही. आणि माराने दारू सुटत नाही. या ताईचा नवरा आठ दिवसांत पुन्हा प्यायला लागला. कर्ज तेवढं राहिलं.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि नशेमुळे होणारे मानसिक त्रासही धरले आहेत. म्हणून अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी लागते. बिगर नोंदणीचं केंद्र चालवलं तर पहिल्या वेळेलाच पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे.

या कायद्याने रुग्णाला हे हक्क दिले आहेत:

- साखळीने बांधायचं नाही. कुठल्याही कारणाने नाही.
- एकट्याला कोंडून ठेवायचं नाही.
- जबरदस्तीने मुंडण करायचं नाही, बळजबरीने काम करून घ्यायचं नाही.
- स्वच्छ जागा, संडास-बाथरूम आणि नीट जेवण मिळालं पाहिजे.
- घरच्यांना भेटता आणि फोनवर बोलता आलं पाहिजे.

"तीन महिने भेटायचं नाही, फोन करायचा नाही" असं केंद्रवाले सांगतात ना? तिथेच सावध व्हा.

आता सहीचं. तुम्ही दाखल करताना सही केली, "आमची तक्रार राहणार नाही" असं लिहून दिलं, तरी त्या कागदाने कुणाला मारायचा हक्क मिळत नाही. म्हणून सहीचा धाक मनातून काढा.

माणूस अजून आतच असेल तर

स्वतःच्या मर्जीने दाखल झालेल्या माणसाने "मला सोडा" म्हटलं तर सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ यांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं असलं पाहिजे. तेही सुरुवातीला तीस दिवसांपर्यंतच.

जिवाला धोका वाटला तर ११२ ला फोन करा. बेकायदा कोंडलेल्या माणसाची सुटका करायला दंडाधिकारी झडतीचं वॉरंट काढू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०० त्यासाठीच आहे. तिथे काम झालं नाही, तर उच्च न्यायालयात "माणूस हजर करा" असा अर्ज करता येतो. वकिलाच्या फीला घाबरू नका. बाईला मोफत वकील मिळतो, मग घरचं उत्पन्न कितीही असो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

माणूस बाहेर आला असेल तर

१. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. "केंद्रात मारहाण झाली" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि एमएलसी नोंद करायला लावा. वण पुसले जातात, कागद राहतो.

२. मोबाईलवर जखमांचे फोटो काढा. पैसे भरल्याची पावती, फोन-पेची नोंद, दाखल करतानाचे कागद, केंद्राच्या बोर्डाचा फोटो सगळं एका पिशवीत ठेवा. उपचाराचे कागद केंद्राकडे मागा, तो रुग्णाचा हक्क आहे.

३. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. साधी मारहाण म्हटली की बरेचदा फक्त एनसी होते. म्हणून कोंडलं होतं, बांधलं होतं, किती दिवस, हे सगळं तक्रारीत लिहा. दहा दिवस किंवा जास्त बेकायदा कोंडलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, त्यानंतर कोर्ट आहे.

४. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करा. त्याला फी नाही. अर्ज लिहायला विधी सेवा कार्यालय मदत करतं.

५. पैसे देऊन सेवा घेतली आणि नुकसान झालं, तर जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. दोन वर्षांच्या आत जायला हवं. पाच लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर तिथे फी लागत नाही. आधी १९१५ वर विचारा.

देव करो आणि अशी वेळ न येवो, पण केंद्रात मृत्यू झाला तर पोलिसांना कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यसंस्कार करू नका. "घेऊन जा लवकर" अशी घाई केली तरी ऐकू नका.

पाठवायच्या आधी

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली की पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत औषध आणि डॉक्टर लागतोच. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात दाखवा, किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत नंबरवर बोला. केंद्र स्वतः जाऊन बघा. नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, आत राहणाऱ्या दोघा-तिघांशी बोला. आत जाऊ देत नसतील तर आपला माणूस तिथे ठेवू नका. चांगली केंद्रंही आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय.

आपल्या गटांसाठी एक सुचवते. व्यसनमुक्तीसाठी कुणी कर्ज मागितलं तर नाही म्हणू नका. फक्त कर्ज मंजूर करायच्या आधी दोन सदस्यांनी सोबत जाऊन ते केंद्र बघून यायचं. येत्या बैठकीत हा ठराव वहीत लिहा.

त्या ताईसोबत मी तालुक्याच्या विधी सेवा कार्यालयात जाऊन आले. अर्ज दिलाय, निकाल यायचाय. परत येताना एसटीत ती म्हणाली, "सही केली म्हणून गप्प बसले होते. आता दुसरी सही केली, तक्रारीवर."

तुमची,
क्षेत्र समन्वयक