म्हातारचळ नव्हे, हा आजार आहे! स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सांभाळणाऱ्या घराला गाव कशी मदत करू शकतं?

दिवेलागण झाली की आजी पिशवी भरायला घेते. एक लुगडं, कुंकवाचा करंडा, दोन भाकरी. "मला माहेरी सोडा, आई वाट बघत असंल." आजीचं वय ७८. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. सून चुलीपुढून उठते, दाराला कडी लावते. मग आजी दार बडवते, "कोंडून घातलं मला" म्हणून ओरडते. शेजारी ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर चर्चा होते, की सून सासूला नीट बघत नाही.

अशी एखादी आजी किंवा आजोबा तुमच्याही आळीत असतील. कुणी म्हणतं चळ लागलाय, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. घरातली माणसं मात्र रात्रंदिवस जागून थकलेली असतात.

आजार नक्की काय आहे?

मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात, तेव्हा आठवण, बोलणं, वाट ओळखणं, हिशोब या गोष्टी एकेक करून सुटत जातात. याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. १९०६ साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी तो पहिल्यांदा मांडला, म्हणून हे नाव.

भारतात झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार ६० वर्षांवरच्या दर १०० माणसांमागे सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात हा आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे हा काही फक्त शहरातल्या बंगल्यांमधला आजार नाही.

वयाबरोबर थोडं विसरायला होतंच. चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो तेच न कळणं वेगळं. तोच प्रश्न दहा वेळा विचारणं, रोजच्या शेतावरून घरी येताना वाट चुकणं, पैशाचा हिशोब न जमणं, घरच्यांवर चोरीचा आळ घेणं, नातवाला ओळख न देणं, अशा गोष्टी वाढत चालल्या असतील तर डॉक्टरांना दाखवा.

आधी तपासणी, मग निष्कर्ष

सगळाच विसराळूपणा अल्झायमर नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा त्रास, मनाची उदासी, काही औषधांचा परिणाम यांनीही माणूस विसरायला लागतं आणि यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. माणूस दोन-चार दिवसांत एकदम बरळायला लागलं तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, साखर कमी-जास्त होणं किंवा पक्षाघात असू शकतो. तेव्हा थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

सुरुवात गावातल्या आशाताईंपासून किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांपासून करा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडा फरक पडतो, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या. म्हणून "हमखास स्मरणशक्ती परत आणतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून कर्ज काढू नका.

घरात कसं वागायचं?

आजी "आई वाट बघतेय" म्हणते तेव्हा "तुझी आई कधीच मेली" असं सांगू नका. तिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते आणि ती दर वेळी तितकीच रडते. त्यापेक्षा "आई काय करायची गं तुझी?" असं विचारा. बोलता बोलता मन दुसरीकडं वळतं. "माझे पैसे चोरले" म्हटलं तर वाद न घालता "चल, दोघी मिळून शोधू" म्हणा.

संध्याकाळी चलबिचल वाढते, हे या आजारात नेहमीचं आहे. अंधार पडायच्या आधीच घरात दिवे लावा. दुपारची झोप थोडी कमी करा. हाताला सोपं काम द्या, जसं शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं. काम नीट झालं नाही तरी चालेल. विळी, कीटकनाशकाचे डबे, रॉकेल आणि गोळ्या मात्र हाताला लागतील अशा जागी ठेवू नका. विहिरीकडं जाणाऱ्या वाटेचं फाटक बंद ठेवा.

गाव काय करू शकतं?

या आजारात सर्वांत आधी खचतं ते सांभाळणारं माणूस. बहुतेक घरात ती सून, लेक किंवा बायको असते. तिची मजुरी बुडते, झोप मोडते, लग्नाकार्याला जाणं बंद होतं. पुढच्या गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

- दोन तासांची वाटणी: शेजारच्या पाच घरांनी आठवड्यातून एकेक दिवस, फक्त दोन तास, आजी-आजोबांपाशी बसायचं. तेवढ्यात सून बाजार करून येईल, नाहीतर शांत झोपेल. बचत गटाच्या बैठकीत ही वाटणी ठरवता येते.
- वाटेवरची नजर: एसटी थांबा, किराणा दुकान, चहाची टपरी, पिठाची गिरणी इथल्या लोकांना घरच्यांनी आधीच सांगून ठेवायचं, की "बाबा एकटे दिसले तर बसवून ठेवा, फोन करा." बाबांच्या सदऱ्याच्या आत घरचा मोबाईल नंबर शिवून ठेवा. ताजा फोटोही जवळ असू द्या.
- माणूस हरवलं तर: २४ तास थांबायची गरज नसते. लगेच पोलीस पाटलांना कळवा, ११२ वर फोन करा. जुनं शेत, माहेरची वाट, देऊळ, विहीर या जागा आधी बघा.
- भजन, हरिपाठ: कालची गोष्ट विसरलेल्या माणसालाही लहानपणी पाठ झालेले अभंग पुष्कळदा आठवतात. त्यांना भजनात बसवून घ्या. मधेच उठले, चुकले तर हसू नका.
- बोलण्याची पद्धत: "ओळखलं का मला?" अशी परीक्षा घेऊ नका. स्वतःच सांगा, "राम राम बाबा, मी शेजारच्या घरातला."

आणि पाणवठ्यावर सुनेची चर्चा करण्याआधी तिच्या घरी एक चक्कर मारा. "तू जेवलीस का?" एवढं विचारलं तरी तिला बळ येतं. बाहेरगावी असलेल्या भावंडांनीही फोनवरून सल्ले देण्यापेक्षा महिन्याचा औषधखर्च वाटून घ्यावा आणि सुट्टीत आठ दिवस येऊन जबाबदारी घ्यावी.

हा विषय ग्रामसभेत आणि गावच्या आरोग्य समितीतही मांडा. आपल्या गावात अशी किती माणसं आहेत, याची साधी यादी आशाताईंकडं झाली तरी पुढचं काम सोपं होतं.

जमीन आणि अंगठा

अशा माणसाकडून कागदावर अंगठा घेणारेही असतात, कधी बाहेरचे तर कधी घरचेच. व्यवहार समजण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसानं केलेला करार कायद्यानं टिकत नाही. पण ते कोर्टात सिद्ध करण्यात वर्षं जातात. त्यामुळं आजार सुरुवातीच्या टप्प्यात असताना, माणसाला समजतंय तोवर, त्याच्याच इच्छेनं बँकेतलं वारस नामांकन, मृत्युपत्र ही कामं करून घ्या. तेव्हाच डॉक्टरांचा दाखलाही घेऊन ठेवा. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरवरही चौकशी करता येते.

हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा

- १४४१६ – टेली मानस. मनावरच्या ताणासाठी मोफत सल्ला, चोवीस तास, मराठीतही. सांभाळणाऱ्या माणसानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.
- १४५६७ – ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाईन. माहिती, छळाची तक्रार, आधार.
- १०८ – रुग्णवाहिका.

७० वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर त्याचा उपयोग होतो. घरच्या सांभाळाचा खर्च मात्र त्यात मिळत नाही. तो भार घरावरच राहतो, म्हणून शेजाऱ्यांचे दोन तास मोलाचे.

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी गावात कार्यक्रम झाला तर चांगलंच. पण तोवर वाट कशाला बघायची? आज संध्याकाळी आळीतल्या त्या घरी जा, आजीपाशी ओट्यावर बसा आणि तिच्या माहेरच्या गोष्टी ऐका. सुनेला तेवढ्यात भाकरी तरी निवांत थापता येतील.