बारीक आसाचे जाळे व उजनीची मासळी

भीमा नदीवर माढा तालुक्यात बांधलेले उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने सोलापूर जिल्ह्यातील शेतीस पाणी दिले, तसेच काठावरील भोई व कोळी कुटुंबांस उपजीविकेचे साधनही दिले. हे साधन टिकवावयाचे असेल, तर जाळ्याच्या आसाकडे लक्ष दिले पाहिजे.

जाळ्यातील प्रत्येक मोकळ्या घरास आस म्हणतात. आस मोठा असल्यास लहान मासे निसटतात व वाढतात. वडाप नावाच्या बारीक आसाच्या जाळ्यात मात्र बोटाएवढी पिल्लेही अडकतात. अशा पिल्लाचे वजन सुमारे 10 ग्रॅम असते. म्हणजे एक किलोत शंभर जीव जातात. कटल्याचे पिल्लू चांगल्या पाण्यात वर्षभरात सुमारे एक किलोचे होते. शंभरांपैकी वीस जगले, तरी एका किलोऐवजी वीस किलो मासळी हाती येईल.

ही हानी आपोआप भरून येत नाही. कटला, रोहू व मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात सहसा घालीत नाहीत. म्हणून जलाशयात मत्स्यबीज सोडावे लागते. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांस ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हापासून असे बीज तयार करणे सुलभ झाले. परंतु खर्चाने सोडलेले बीज वाढण्यापूर्वीच काढणे, म्हणजे पेरलेले धान्य उकरून खाणे होय. उलट 1952 साली भारतात आणलेली चिलापी साचलेल्या पाण्यातही झपाट्याने वाढते, व इतर मासे घटले की त्यांची जागा घेते.

कोकणच्या समुद्रातही हाच नियम लागू आहे. पिल्ले मारली गेली की पुढील हंगामात होडी रिकामी परतते. प्रथम झळ लागते ती लहान मच्छीमारास.

यास्तव मच्छीमार बंधूंनी मोठ्या आसाची जाळी वापरावी, जाळ्यात आलेली जिवंत पिल्ले तत्काळ पाण्यात सोडावी व पावसाळ्यात अंडी घालण्यास निघालेले मासे धरू नयेत. पाण्यात विष घालणे किंवा सुरुंग उडविणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. ग्रामसेवकांनी मच्छीमार संस्थेच्या सभेत ही गोष्ट समजावून द्यावी, व ग्राहकांनीही बोटाएवढी मासळी विकत घेऊ नये. मागणी थांबली, की बारीक जाळे आपोआप काठावर राहील.