पाढे : समज आणि पाठांतर

जुन्या मराठी शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, सवायकी, दिडकीही पाठ करून घेत. आता पाठांतराला नावे ठेवली जातात. पण ३८ × ७ करताना ‘सात आठे’ बोटांवर मोजावे लागले, तर मूल हातचा विसरते. मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात आणि मोजणी ती जागा अडवते. म्हणून पाढे तोंडपाठ हवेतच. मात्र आधी ते समजायला हवेत, असे आम्हाला वाटते.

देवळा परिसरातल्या मुलांना कांद्याचा वाफा परिचयाचा आहे. त्यात ७ ओळी आणि दर ओळीत ८ रोपे आहेत असे समजू. बाजूच्या बांधावरून पाहिल्यास ८ ओळी आणि दर ओळीत ७ रोपे दिसतील. रोपे तीच, ५६. त्यामुळे १ ते १० च्या पाढ्यांतील १०० गुणाकारांपैकी ५५ च वेगळे ठरतात. १, २, ५ आणि १० चे सोपे पाढे वगळले की २१ राहतात. नऊचा पाढा दहावरून मिळतो : ७ × ९ = ७० − ७ = ६३. मग उरतात फक्त १५!

एखादा गुणाकार अडला, तर वाफ्यात दर ओळीच्या पाचव्या रोपानंतर दोरी ताणावी : ३५ आणि २१, मिळून ५६.

या १५ गुणाकारांचा सराव रोज पाच मिनिटे, क्रम बदलून घ्यावा. रोज एक-दोनच नवे, बाकी आधीचे. उत्तर चुकले तर रागावू नये. पाटीवर ठिपक्यांचा वाफा काढायला सांगावे. उत्तर मुलाला स्वतःच सापडेल.